रस्त्याचे पैसे कोण देतं?



गटातून कर्ज काढून कुणी स्कूटी घेते, कुणाचे मालक दूध नाहीतर भाजी वाहायला छोटा टेम्पो घेतात. चार महिने गेले की बैठकीत हप्त्याबरोबर एक प्रश्न हमखास येतो. "ताई, टेम्पो घेताना टॅक्स भरला. विमा दर वर्षी भरतोय. डिझेल तर रोजचंच. मग किणीच्या नाक्यावर परत पैसे कशाचे?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो मोटारी निघायच्या कितीतरी आधीपासून लोक विचारत आलेत. याच प्रश्नासाठी आपल्या कोल्हापूर शहरात चार-पाच वर्षं आंदोलन चाललं आणि शेवटी टोल गेला. पण टोल गेला म्हणजे पैसे द्यायचं संपलं का? आजचं बोलणं त्यावर आहे.

आधी एक गुंता सोडवून घेऊ. बैठकीत आपण टॅक्स, विमा आणि टोल सगळं एकाच पिशवीत टाकतो. विम्याचा रस्त्याशी काही संबंध नाही. थर्ड पार्टी विमा असतो तो आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाला धडक बसली तर त्या माणसाला भरपाई मिळावी म्हणून. ब्रिटनमध्ये तो १९३० च्या कायद्याने सक्तीचा झाला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार कायद्यात त्याची तरतूद आली आणि १९४६ पासून ती लागू झाली. रस्त्यावर कुणा घरचा कमावता माणूस गेला, तर मागे राहिलेल्या बाईला ज्या दाराशी जाऊन भरपाई मागता येते, ते दार या विम्यामुळे उघडं आहे. म्हणून विम्याचे पैसे गेले म्हणून हळहळू नका. राहिला टॅक्स आणि टोल. ही दोन्ही रस्त्याची पोरं, आणि त्यांचंच आपसात भांडण आहे.

कोल्हापूरच्या माणसाला 'नाका' हा शब्द काही नवा नाही. शाहू नाका, शिरोली नाका. 'जकात नाक्यावर उतरणार' असं आपण अजून कंडक्टरला सांगतो. शहरात माल आणायचा तर नाक्यावर जकात भरायची, ही पद्धत पिढ्यान् पिढ्या चालली. जकात जाऊन कितीतरी वर्षं झाली, नाव मात्र थांब्याला चिकटून राहिलं. पण जकात होती मालावर. शहरात विकायला काय आणलंय, त्यावर. टोल रस्त्यावर असतो. गाडीत काही असो नसो, चाक पुढं गेलं की पैसे. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात रस्ते आणि पूल यांवर टोल घेण्याचा कायदा १८७५ मध्ये केला. त्यांच्या स्वतःच्या देशात ही रीत त्याच्याही दीडशे वर्षं आधीपासून होती, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी तिचं काय केलं ते ऐकण्यासारखं आहे.

ब्रिटनमध्ये त्या काळी रस्ते बांधायला ट्रस्ट नेमत. चार पैसेवाले लोक एकत्र यायचे, कर्ज काढून रस्ता करायचे आणि कर्ज फेडायला रस्त्यावर लाकडी फाटक बसवायचे. असे हजाराहून जास्त ट्रस्ट झाले होते. फाटकावर वसुली करायचा हक्क मक्त्याने दिला जाई. आपल्याकडं तळ्यातल्या मासेमारीचा लिलाव होतो ना, तसाच फाटकाचा लिलाव. मक्तेदाराने जेवढे भरले त्याच्यावर जेवढं सुटेल तो त्याचा नफा. मग तो आडबाजूच्या वाटांवरही फाटक बसवायला बघणार, हे ओघानं आलंच.

वेल्स म्हणजे ब्रिटनचा पश्चिमेचा डोंगराळ भाग. तिथल्या जमिनीत चुना टाकल्याशिवाय पीक धरत नसे. शेतकरी बैल-घोड्याच्या गाडीने चुन्याच्या भट्टीवर जाई आणि एका खेपेत त्याला कधी कधी तीन-चार फाटकं लागत, प्रत्येक वेगळ्या ट्रस्टचं. चुना स्वस्त आणि त्याची वाहतूक महाग अशी गत झाली. त्यात ओळीने पिकं बुडाली, जनावरांचे भाव पडले. शेवटी १३ मे १८३९ च्या रात्री एफेलवेन नावाच्या गावी लोकांनी नवं फाटक मोडून टाकलं.

आता गंमत बघा. फाटक मोडणारे पुरुष बायकांच्या वेशात होते! लुगड्याऐवजी तिथले झगे आणि डोक्याला टोपडी, तोंडाला काळं फासलेलं. त्यांच्या म्होरक्याला म्हणत रिबेका, आणि बाकीच्या सगळ्या तिच्या 'मुली'. बायबलमध्ये रिबेकाला माहेरची माणसं सासरी पाठवताना आशीर्वाद देतात की तुझी संतती वैऱ्यांच्या वेशी ताब्यात घेईल. त्यावरून हे नाव घेतलं असं सांगतात. फाटक तोडायच्या आधी ही मंडळी एक सोंग करायची. रिबेका म्हातारी आंधळी आई व्हायची, काठीने फाटक चाचपडायची, पोरींनो माझ्या वाटेत हे काय आडवं आलंय म्हणून विचारायची, आणि मग पोरी कुऱ्हाडी काढायच्या. पुढं १८४२ आणि १८४३ मध्ये हे लोण सगळ्या पश्चिम वेल्समध्ये पसरलं. सरकारने फौज पाठवली. लंडनच्या 'टाइम्स' वृत्तपत्राने आपला माणूस पाठवला आणि तो शेतकऱ्यांच्या सभांना बसून त्यांचं गाऱ्हाणं लिहून पाठवू लागला.

पुरुषांना चिडायला बाईचं सोंग का लागलं, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र या गोष्टीतली खरी बाई जास्त लक्षात राहते. तिचं नाव सेरा विल्यम्स. ती हेंडी इथल्या फाटकावर टोल गोळा करायची. वय पंचाहत्तरच्या आसपास. सप्टेंबर १८४३ मध्ये रिबेकाची टोळी त्या फाटकावर आली, टोलघर पेटवलं आणि ही म्हातारी गोळी लागून मेली. चौकशीला बसलेल्या पंचांनी निकाल दिला की ती कशाने मेली ते सांगता येत नाही. पंच त्याच भागातले होते. बोलणार कोण? पंचाहत्तराव्या वर्षी फाटकावर बसायची पाळी आलेली ती बाई ना ट्रस्टची मालकीण होती, ना मक्तेदार. आजही टोलनाक्याच्या खिडकीत आपल्यासारख्याच घरांतल्या मुली बसलेल्या दिसतात. टोल ठरवणारा माणूस त्या खिडकीत कधीच नसतो. राग मात्र खिडकीपर्यंतच पोचतो.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८४४ मध्ये कायदा करून त्या भागातले सगळे ट्रस्ट एकत्र केले, फाटकं कमी केली, चुन्याच्या गाडीवरचा टोल निम्म्यावर आणला. पुढं रेल्वे आली, ट्रस्ट बुडत गेले आणि १८९५ मध्ये अशा प्रकारचं शेवटचं फाटकही बंद झालं. रस्ते लोकनियुक्त मंडळांकडे गेले.

त्याच सुमाराला मोटारगाडी आली. ब्रिटनमध्ये १९०३ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक गाडीला नंबर लागला. लायसन पाच शिलिंगला मिळायचं, परीक्षा वगैरे काही नाही. पैसे भरा आणि चालवा. परीक्षा सक्तीची व्हायला १९३५ साल उजाडलं. मोटारींनी मातीचे रस्ते उखडायला आणि धुळीने घरं भरायला सुरुवात केली, तेव्हा प्रश्न परत उभा राहिला की आता रस्ता नीट करायचा कुणी? तिथल्या सरकारने १९०९ च्या अंदाजपत्रकात गाड्यांवर आणि पेट्रोलवर कर बसवला आणि हा पैसा रस्त्यांवरच घालू असं सांगितलं. पुढं त्याचा वेगळा रस्ते निधीही झाला. पैसा बराच जमला. आणि जमलेल्या पैशावर नजर जाणारच! १९२६ मध्ये अर्थमंत्री चर्चिल यांनी, हो तेच पुढचे पंतप्रधान, त्या निधीतला पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत वळवला. १९३७ पासून तर गाड्यांचा कर सरळ तिजोरीतच जायला लागला. तरी ब्रिटनमधला गाडीवाला अजून त्याला 'रोड टॅक्स' म्हणतो आणि एवढा भरून रस्त्याला खड्डे का म्हणून विचारतो. तिथला आणि आपल्या बैठकीतला प्रश्न एकच.

आपल्याकडची गोष्ट इथून पुढं मराठी माणसाच्या हातात येते. १९२७ मध्ये हिंदुस्थान सरकारने रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. तेच जयकर, ज्यांच्या नावाचं ग्रंथालय पुणे विद्यापीठात आहे. ते त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्यांच्या समितीने सांगितलं की देशभरचे मोठे रस्ते ही एकट्या इलाख्याच्या किंवा लोकल बोर्डाच्या आवाक्यातली गोष्ट नाही, त्याला वेगळा पैसा लागेल आणि तो पेट्रोलवरच्या जादा करातून काढावा. त्याप्रमाणे १ मार्च १९२९ पासून पेट्रोलच्या गॅलनमागे दोन आणे जादा लागले आणि त्यातून मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झाला. त्या वेळी पेट्रोल भरणारे होते किती? कोल्हापुरात राजाराम महाराजांची मेबॅक गाडी पुढं आली, दसऱ्याच्या मिरवणुकीत आजही निघते ती. बाकी जग बैलगाडीत नाहीतर पायी. ज्याच्याकडं मोटार, त्याने रस्त्याला पैसे द्यावेत, हा हिशेब तेव्हा सरळ होता.

तो निधी नाव आणि रूप बदलत अजून चालू आहे. १९९८ मध्ये पेट्रोलच्या लिटरमागे एक रुपया, पुढच्या वर्षी डिझेलवरही, आणि २००० मध्ये त्याचा नवा कायदा झाला. त्या कायद्यात डिझेलच्या उपकरातला अर्धा पैसा खेड्यांच्या रस्त्यांसाठी ठेवला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. मैदानी भागात पाचशे वस्तीची आणि डोंगरी, आदिवासी भागात अडीचशे वस्तीची गावं बारमाही रस्त्याने जोडायची, असं तिचं सूत्र. भुदरगड, शाहूवाडी, चंदगडकडच्या मैत्रिणींना डांबरी रस्ता यायच्या आधीचे पावसाळे मी सांगायला नकोत.

म्हणजे स्कूटीत पेट्रोल घालणारी आपली गटातली सून रस्त्याला पैसे देतेच आहे. दुचाकीला राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही म्हणून ती फुकट फिरते, असं कुणी म्हणालं तर त्याला जयकर समितीची गोष्ट सांगा. आणि जिच्याकडं स्कूटीही नाही, तीसुद्धा देते. एसटीच्या तिकिटात प्रवासी कर असतो. बाजारातल्या बटाट्याच्या भावात ट्रकचं डिझेल आणि ट्रकचा टोल असतो.

पण एक पैसे असे आहेत, जे कुठल्याच पावतीवर लिहिलेले नाहीत. १९७२ चा दुष्काळ. आपला नदीकाठ थोडा बचावला, पण शेजारच्या आटपाडी, जत, माण, खटावकडून ज्या बायका सून म्हणून इकडं आल्या त्यांना विचारा. दुष्काळी कामावर खडी फोडायला बायका पुरुषांच्या बरोबरीने होत्या, कित्येक ठिकाणी जास्तच. पाटीभर खडी, उन्हात, तान्हं पोर झाडाच्या सावलीला झोळीत. खायला मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी आणि सुकडी. रस्ते, पाझर तलाव, बांध, लाखो माणसांनी त्या एका वर्षात उभे केले. त्यातूनच पुढं महाराष्ट्राची रोजगार हमी योजना पक्की झाली. तिच्या मागे होते वि. स. पागे, सांगली जिल्ह्यातले, विधान परिषदेचे सभापती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

या योजनेला पैसा कुठून आला, ते फार कमी जणींना माहीत असतं. शहरातल्या नोकरदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला. विक्री करावर अधिभार, बागायती जमिनीवर कर, आणि त्यातच मोटारगाड्यांवर जादा कर. मुंबईत गाडी फिरवणाऱ्याने भरलेल्या करातून माणदेशात खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी निघाली, आणि तिने फोडलेल्या खडीवरून पुढं गाड्या धावल्या. गाडीवाला आणि बिनगाडीवाली यांचा एवढा स्वच्छ व्यवहार मला दुसरीकडं दिसला नाही. रस्ता कुणाच्या पैशाचा, असं कुणी विचारलं तर त्या बायकांचं नाव आधी घ्यायला पाहिजे. त्यांना कुणी टोलमाफीचा पास दिलेला नाही.

हे सगळं १९९० नंतर बदलायला लागलं. सरकारकडं पैसा नाही, म्हणून खासगी कंपनीने रस्ता बांधायचा, ठरलेली वर्षं टोल घ्यायचा आणि मग रस्ता परत करायचा. बांधा, वापरा, हस्तांतरित करा. तिकडच्या जुन्या ट्रस्टच्या फाटकाचंच हे नवं रूप. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या ठिकाणी लोकांनी ते फार कुरकुर न करता मानलं, कारण जुना रस्ता शेजारी होताच. पैसे देऊन लवकर जायचं की जुन्या घाटाने जायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

कोल्हापुरात मात्र हा प्रयोग शहराच्या आतल्या रस्त्यांवर झाला. महानगरपालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि एक खासगी कंपनी यांच्यात करार झाला. सुमारे ५० किलोमीटरचे शहरातले रस्ते, खर्च सुमारे २२० कोटी रुपये, आणि टोल ३० वर्षं. शहरात येणाऱ्या वाटांवर नऊ नाके. शिरोलीकडून या, फुलेवाडीकडून या नाहीतर कळंब्याकडून. आता सांगा, करवीर तालुक्यातल्या माणसाने सीपीआर दवाखान्यात जायला, मार्केट यार्डात भाजी न्यायला दुसरी वाट कुठली शोधायची? आणि करार झाला तेव्हा नाक्याबाहेरच्या गावांना कुणी विचारलं होतं? महापालिका शहराची, नाका गावाच्या वेशीवर.

विरोधासाठी सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली. पुढं होते प्रा. एन. डी. पाटील, तेव्हा ऐंशी ओलांडलेले, शेतकरी कामगार पक्षाचे. आणि त्यांच्याबरोबर कॉम्रेड गोविंद पानसरे, 'शिवाजी कोण होता?' लिहिणारे. ही माणसं नुसतं 'टोल देणार नाही' म्हणून थांबली नाहीत. त्यांनी कराराचे कागद लोकांपुढं आणले. काम ठरल्याप्रमाणे झालंय का, कुठं खांब आणि झाडं रस्त्यातच राहिली आहेत, कुठं गटारी आणि पदपथ अपुरे आहेत, प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे त्यांनी विचारलं. मला या आंदोलनातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. आपण गटात महिन्याला शंभर रुपयांचा हिशेब वहीत मांडून सह्या घेतो, तर ३० वर्षांच्या वसुलीची वही बघायला मागणं यात जगावेगळं काय आहे?

मोर्चे निघाले, आणि कोल्हापूरचे मोर्चे म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. बायकाही मोठ्या संख्येने होत्या. तरी १७ ऑक्टोबर २०१३ ला पोलीस बंदोबस्तात वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये टोल थांबवण्याचं आश्वासन देऊन उपोषण सोडवण्यात आलं, आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर वसुली चालूच. लोक भडकले आणि नाके पेटवण्यात आले. जाळपोळ झाली हे बरं झालं असं मी म्हणणार नाही. हेंडीच्या म्हातारीची गोष्ट ऐकल्यावर तर नाहीच. पण दिलेला शब्द एका रात्रीत फिरतो तेव्हा काय होतं, तेही त्या दिवशी दिसलं.

पुढं फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने वसुलीला स्थगिती दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली, आणि जून २०१४ मध्ये टोल परत सुरू झाला. मग कामाचं मूल्यांकन, समित्या, बैठका. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरून येताना पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर घराजवळच गोळ्या झाडल्या गेल्या. उमाताई बचावल्या. २० फेब्रुवारीला पानसरे गेले. तो खून आणि त्याचा खटला हा वेगळा विषय आहे, तो टोलशी जोडायचं कारण नाही. पण ज्या आंदोलनात ते पहिल्या रांगेत चालले, त्याचा शेवट त्यांना बघायला मिळाला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने कोल्हापूरचा टोल कायमचा रद्द केल्याचं जाहीर केलं. शहरात साखरपेढे वाटले गेले. एन. डी. सरांनी मात्र तो दिवस पाहिला. ते १७ जानेवारी २०२२ ला कोल्हापुरातच वारले.

आता अवघड भाग. कंपनीने खर्च केला होता आणि करार सरकारी यंत्रणेने केला होता. करार मोडायचा तर भरपाई द्यावी लागते. ती चारशे कोटींहून जास्त ठरली आणि सरकारी तिजोरीतून द्यायची झाली. म्हणजे नाक्यावर देणार नाही म्हटलेले पैसे कराच्या वाटेने गेलेच, आणि आपल्याबरोबर कधीही कोल्हापूर न पाहिलेल्या भंडाऱ्याच्या बाईचेही गेले. काही लोक यावरून म्हणतात की आंदोलन वाया गेलं. मला तसं वाटत नाही. ३० वर्षं रोज दवाखान्याच्या वाटेवर थांबून पैसे मोजणं आणि एकदाच हिशेब करून मोकळं होणं, यात फरक आहे. पण 'टोल रद्द' म्हणजे 'रस्ता फुकट' असं समजायचं नाही. खरी वेळ होती ती करारावर सही व्हायच्या आधी. तेव्हा कागद कुणी वाचले असते तर भरपाईचा विषयच आला नसता.

असंच एक प्रकरण ब्रिटनमध्ये थोडं आधी झालं होतं. स्कॉटलंडमध्ये स्काय नावाचं बेट आहे. १९९५ मध्ये खासगी पैशातून तिथं पूल झाला आणि त्याच वेळी बेटावर जायची जुनी होडी बंद केली. शेजारी दुसरी वाट राहिली नाही, आणि टोल भरमसाट. बेटावरच्या लोकांनी पहिल्या दिवसापासून टोल द्यायला नकार दिला. शंभरावर लोकांवर खटले होऊन शिक्षा लागल्या, तरी ते हटले नाहीत. शेवटी २१ डिसेंबर २००४ ला सरकारने सुमारे दोन कोटी सत्तर लाख पौंड देऊन पूल विकत घेतला आणि टोल बंद केला. नऊ वर्षं लागली. कोल्हापूरची आणि स्कायची माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत, पण दोघांचं म्हणणं एकच होतं, की जिथं दुसरी वाट नाही तिथं फाटक नको.

आता परत किणीच्या नाक्यावर येऊ. तो राष्ट्रीय महामार्ग आहे, त्याचे नियम केंद्राचे. टेम्पोवाल्या मैत्रिणीला तिथं टोल लागणार. राज्याने २०१५ मध्ये काही नाके बंद केले आणि बऱ्याच नाक्यांवर मोटारी आणि एसटीला माफी दिली, पण ते राज्याचे नाके होते. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. तो नसेल किंवा त्यात पैसे नसतील तर भुर्दंड पडतो. घरची गाडी असेल, धंद्याची नाही, आणि घर नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत असेल, तर महिन्याचा सवलतीचा पास मिळतो. हातकणंगले तालुक्यातल्या कितीतरी घरांना याचा उपयोग आहे आणि कितीतरी घरांना ते माहीतच नाही. गाडीचं आरसी बुक आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नाक्यावरच्या कार्यालयात विचारायचं. दर किती, माफी कुणाला, हे फलकावर लिहिलेलं असतं. खिडकीतल्या मुलीशी वाद घालण्यापेक्षा तो फलक वाचावा.

आणि एक फलक आपल्या गावाजवळ असतो. ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याच्या सुरुवातीला तो लावलेला असतो. रस्त्याची लांबी, खर्च, ठेकेदाराचं नाव, काम पुरं झाल्याची तारीख आणि देखभालीची मुदत. ठेकेदाराने रस्ता पुरा झाल्यावर पाच वर्षं त्याची देखभाल करायची असते, ते करारातच आहे. तारीख बघा, पाच वर्षं मोजा. मुदत संपायच्या आत खड्डे पडले असतील तर मोबाइलवर फोटो काढा आणि 'मेरी सडक' ॲपवर तक्रार टाका, किंवा ग्रामसभेत फलकाचा फोटोच पुढं ठेवा. फलकच जागेवर नसेल, तर तो का नाही, हा ग्रामसभेतला पहिला प्रश्न.